खिचडीच्या पंगतीतून लेकराला उठवू नका

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी दहा वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला. शाळा पाचवीपर्यंतचीच, पट ऐंशीच्या घरात. घरी कोरडवाहू शेती आणि तालुक्याच्या गावी खता-बियाणांचं लहानसं दुकान, खाऊनपिऊन सुखी घर. शाळेत दुपारी मिळणाऱ्या खिचडीबद्दल त्यांच्या तीन तक्रारी आहेत. डाळ दिसत नाही इतकी पातळ असते, एकदा ताटात सोंडे निघाले, आणि तांदळात ‘प्लॅस्टिकचे दाणे’ असतात असं गावात सगळे म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, ‘आपल्या लेकराला सरकारची खिचडी खायची काय गरज? ज्यांच्या घरी नाही त्यांनी खावी.’ म्हणून गेले काही महिने मुलगी डबा नेते. डबा अर्धा परत येतो, मधल्या सुट्टीत तळलेल्या खाऊचं दहा रुपयांचं पाकीट मात्र न चुकता संपतं. मुलगी लवकर दमते म्हणून सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन 9.6 आलं. त्या विचारतात, खिचडी कायमची बंद करून डबाच द्यावा का? शाळेत तक्रार केली तर स्वयंपाक करणाऱ्या बाईंचं काम जाईल, त्या गल्लीतल्याच आहेत आणि घरात एकट्या कमावत्या. शिवाय तक्रारीचा राग लेकरावर निघाला तर?

ताई, तुमच्या पत्रात खिचडीबद्दल दोन पानं आहेत आणि हिमोग्लोबिनबद्दल एक ओळ. मी आधी त्या ओळीकडे येते.

पाच ते अकरा वर्षांच्या मुलांचं हिमोग्लोबिन किमान 11.5 असायला हवं. 9.6 म्हणजे मध्यम स्वरूपाचा ॲनिमिया. एवढी कमतरता खिचडी खाऊन किंवा खिचडी सोडून भरून निघणार नाही. गूळ, बीट, खजूर यांनी रक्त वाढतं असं आपल्याकडे सगळेच सांगतात. ते खायला चांगलेच आहेत, पण 9.6 वरून पुढं न्यायला तेवढं पुरत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना भेटा, लोहाच्या गोळ्या सुरू करा, पोटात जंत आहेत का ते विचारा. गोळी जेवणानंतर द्या, चहा किंवा दुधासोबत देऊ नका. शौचाला काळी होईल, त्याला घाबरून गोळ्या मध्येच थांबवू नका. हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही डॉक्टर काही दिवस गोळ्या चालू ठेवायला सांगतात, कारण शरीरातला साठा भरायचा असतो. ‘आता बरी आहे’ म्हणून बहुतेक घरी त्या तिथेच सुटतात आणि सहा महिन्यांनी पोर पुन्हा दमायला लागते.

आता तिचा दिवस बघू. तुम्ही लिहिलंय की सकाळी ती चहा-खारी खाऊन जाते, दुपारी डब्यातली पोळी-बटाट्याची भाजी अर्धी, मग ते पाकीट, संध्याकाळी आल्यावर पुन्हा चहा-बिस्कीट आणि रात्री वरणभात. नीट पाहा, लोह आणि प्रथिनं तिच्या पोटात नक्की कधी जातात? रात्रीच्या वरणातून थोडी, बस. चहातल्या टॅनिन नावाच्या घटकामुळं जेवणातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, आणि तिच्या दिवसात चहा दोनदा येतो. डब्यात बटाटा आहे कारण तो लवकर होतो आणि लेकरू कुरकुर करत नाही. सकाळच्या घाईत आईनं दुसरं काय करावं, हे मला कळतं. पण घरचा डबा म्हणजे पौष्टिक आणि शाळेचं म्हणजे निकृष्ट, हे तुम्ही गृहीत धरलंय. तिथं जरा थांबू.

शाळेच्या जेवणाचं प्रमाण ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. त्यातून साधारण 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशेब आहे. हे प्रमाण पाळून झालेली चवळीची किंवा मुगाची खिचडी तुमच्या पोळी-बटाट्यापेक्षा उजवी आहे, हे मी अगदी ठामपणे सांगते. तेव्हा खिचडी वाईट की चांगली यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुमच्या शाळेत ती प्रमाणात होते का, एवढंच तपासायचं.

आणि ते तुम्ही स्वतः मोजू शकता. समजा, आज ऐंशी मुलं जेवायला आहेत. मग पातेल्यात 8 किलो तांदूळ, 1 किलो 600 ग्रॅम डाळ, 4 किलो भाजी आणि 400 ग्रॅम तेल पडायला हवं. दीड किलोहून जास्त डाळ म्हणजे किती, हे कुठल्याही गृहिणीच्या हाताला ठाऊक असतं. शिजायच्या आधी डाळ परातीत काढलेली असते तेव्हा एकदा पाहून या. तिथं मूठभरच दिसली तर तुमची तक्रार खरी, आणि ती तराजूवर मांडता येते. ‘खिचडी पातळ असते’ या वाक्याला मुख्याध्यापक ‘आज जरा पाणी जास्त झालं’ म्हणून टोलवतील. ‘सर, आज जेवायला मुलं किती आणि डाळ किती काढली?’ याला मात्र उत्तर द्यावं लागतं, कारण दोन्ही आकडे शाळेच्या नोंदवहीत रोज भरावे लागतात.

भाजीचं जरा समजून घ्या. तांदूळ सरकारकडून येतो. त्याशिवायच्या डाळ, भाजी, तेल, मसाला, सरपण या सगळ्यासाठी प्राथमिकच्या मुलामागे 1 मे 2025 पासून दिवसाला 6 रुपये 78 पैसे धरलेले आहेत. ऐंशी मुलांचे होतात 542 रुपये. एप्रिलमध्ये आपल्या भागात पाणी आटलं की भाजी कशी कडाडते हे मी तुम्हाला सांगायला नको. चार किलो भाजी म्हणजे मग तीन किलो बटाटे आणि एक किलो कांदा होऊन बसतो. यात कुणाची चोरी असेलच असं नाही, पैशांची ओढाताण मात्र नक्की आहे. इथं गाव मदतीला येऊ शकतं. शाळेच्या बांधाला शेवग्याची दोन झाडं आणि हात धुण्याच्या पाण्यावर पालक, मेथी, अंबाडीचे वाफे ही परसबाग आपल्या कितीतरी शाळांनी केली आहे. शेवगा मराठवाड्यात उन्हाळ्यातही जगतो आणि राज्याने ठरवलेल्या पाककृतींत मूग-शेवग्याचं वरण आहेच.

सोंडे निघाले त्याचा राग येणं साहजिक आहे. पण तो राग बाईंवर काढण्याआधी कोठीत डोकावून या. पोती जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवली असली की ओल धरते. आधी आलेलं पोतं मागं राहतं आणि नवं आधी फुटतं. लाकडाच्या फळ्यांवर पोती चढवली, भिंतीपासून वीतभर अंतर सोडलं आणि जुनं आधी काढायचं असा शिरस्ता पाडला, तर अर्धा त्रास तिथंच संपतो. माल उतरवून घेतानाच तो खराब दिसला तर परत पाठवायचा अधिकार शाळेला आहे. तो वापरला जातो का, हे विचारा.

मग बाईंकडे बघा. 25 मुलांपर्यंत एक आणि 26 ते 100 मुलांसाठी दोन स्वयंपाकी-मदतनीस असा नियम आहे. तुमच्या पत्रात एकाच बाईंचा उल्लेख आहे. ऐंशी मुलांमागे दुसरी बाई असायला हवी, ती कुठं आहे? एकटीनं आठ किलो तांदूळ निवडायचा, धुवायचा, चूल पेटवायची, पाणी भरायचं, वाढायचं, पातेली घासायची. आणि मानधन दिवसाच्या मजुरीलाही लाजवेल असं, तेही कधी दोन-दोन महिने थकतं. अशा बाईनं तांदूळ घाईत निवडला तर दोष कुणाला द्यायचा? तुमच्या तक्रारीनं तिचं काम जाईल ही भीती मला पटते, म्हणून तक्रारीचं तोंडच फिरवा. ‘आमच्या शाळेत दुसरी मदतनीस नेमा आणि यांचं मानधन वेळेवर द्या’ ही मागणी शाळा व्यवस्थापन समितीपुढं ठेवा. यातून खिचडी सुधारेल आणि त्या बाई तुमच्या शत्रू होणार नाहीत. आधी त्यांच्याशीच बोला. गल्लीतल्याच आहेत ना? त्यांच्याइतकं पातेल्यातलं खरं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल.

प्लॅस्टिकच्या दाण्यांबद्दल. हा गैरसमज आपल्याकडे गावोगाव आहे आणि त्यापायी आया अक्षरशः दाणा-दाणा वेचून फेकतात. गेल्या काही वर्षांत शाळांना आणि रेशनला आलेल्या तांदळात साधारण शंभर दाण्यांमागे एक दाणा पोषणयुक्त असायचा. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून यंत्रावर त्याला दाण्याचा आकार देतात. रंगाला तो किंचित वेगळा दिसतो, धुताना कधी तरंगतो, म्हणून शंका येते. शिजल्यावर बोटानं दाबून पाहा, भातासारखाच चुरगळतो. ज्या मुलीला लोह कमी पडतंय तिच्या ताटातून नेमका लोहाचाच दाणा बाहेर काढायचा, हे आपल्या हातून होऊ नये. अशा तांदळाचं पाणी ओतून देऊ नये आणि फार चोळून धुऊ नये, एवढं बाईंनाही सांगा.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडू नका, पण एक आठवण करून द्या. गावात हरिनाम सप्ताह होतो, काल्याच्या दिवशी सगळं गाव एका पंगतीत बसतं. त्या पंगतीत सासूबाई ‘ज्यांच्या घरी नाही त्यांनी जेवावं’ असं म्हणतात का? तिथं सरपंच बसतो, सालगडी बसतो आणि वाढणारा कुणाला आडनाव विचारत नाही. शाळेची पंगत तशीच आहे, फक्त ती रोज बसते. तिथं बसणाऱ्या काही लेकरांचे आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात, लेकरू आजीकडे असतं आणि दिवसातलं धड जेवण तेच. तुमची मुलगी त्याच रांगेत बसून तेच जेवते तेव्हा त्या लेकराला आपण कुणाचं उपकाराचं खातोय असं वाटत नाही. तुमची मुलगी उठून वेगळा डबा उघडते तेव्हा मात्र त्याला ते कळतं. तुमच्या मुलीलाही काहीतरी कळतं, आणि ते तिनं शिकावं असं मला वाटत नाही.

अजून एक बोलते, तुमच्या घरी तसं नसेल तर सोडून द्या. काही घरांत खिचडी नको असण्याचं खरं कारण डाळ नसते, शिजवणारे हात असतात. स्वयंपाकाच्या नेमणुकीत दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावं असं सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये सांगितलं, ते मुद्दामच सांगितलं. हे कारण असेल तर त्यावर आहाराचा सल्ला देता येत नाही. ते कारण चुकीचं आहे, एवढंच मी सांगेन.

शिवाय ज्या घरांना बोलता येतं, लिहिता येतं, तालुक्याला जाऊन साहेबांना भेटता येतं, त्या घरांची मुलं पंगतीतून उठली की पातेल्यात डोकावणारं कुणी उरत नाही. डाळ मग खरोखरच पातळ होत जाते. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळेत शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला. त्याआधी बहुतेक ठिकाणी मुलांच्या हातात महिन्याचे तांदूळ टेकवले जायचे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं हे जेवण लेकरांचा हक्क झालं. तुमच्या मुलीचाही तो हक्क आहे, घरी किती एकर आहे हे तिथं कुणी विचारत नाही.

म्हणून माझं म्हणणं, डबा बंद करू नका आणि खिचडीही सोडू नका. डब्यात खिचडीला जे कमी आहे ते द्या. लहान डबी पुरे. भाजलेले शेंगदाणे, मोड आलेली मटकी लिंबू पिळून, कधी काकडी-गाजर, कधी पेरू. शेंगदाण्याची मूठ म्हणजे सहा-सात ग्रॅम प्रथिनं, जवळपास एका अंड्याइतकी. लिंबू, पेरू, आवळा यांतल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळं डाळीतलं, भातातलं लोह अंगी लागतं, म्हणून लिंबाची फोड फार मोलाची. मैत्रिणींनी डबीतलं मागितलं तर देऊ दे.

सकाळची चहा-खारी मात्र थांबवा. रात्रीची ज्वारीची भाकरी चुरून त्यात कांदा, दाण्याचं कूट घालून फोडणी दिली, किंवा एक धपाटं आणि दही, तर ती पोटभर जाईल आणि अकरा वाजता पाकिटाकडे तिचं मन ओढणार नाही. दुपारी शाळेत भात असतोच, तेव्हा रात्री पुन्हा भात कशाला? भाकरी करा, सोबत येसर आमटी, हुलग्याचं माडगं, मेथी-तांदुळजा, जे असेल ते. अंबाडीची भाजी लोखंडी कढईत करा, आंबट भाजीत कढईचं लोह उतरतं. फक्त झाल्यावर दुसऱ्या भांड्यात काढून ठेवा. ज्वारी पेरायची असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी शक्ती’ हे वाण विचारून बघा, लोह आणि जस्त जास्त असावं म्हणूनच ते तयार केलं आहे. तुमचं बियाणांचं दुकान आहे, गावात ते तुमच्याकडूनच जाऊ दे.

पाकिटाचं बोलते. अशा तळलेल्या, फुगवलेल्या खाऊत वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा तेल असतं, वर मीठ. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायचे नाहीत. पण गावात टपरीवाला कुणाचा तरी चुलतभाऊ असतो, नियम दाखवून भांडण होईल, पाकीट जाणार नाही. त्याला फुटाणे, शेंगदाणे, गुडदाणी, बोरं, पेरू ठेवायला सांगा. चार आयांनी रोजचे दहा रुपये पाचवर आणले आणि ‘फुटाणेच घे’ म्हटलं, तर तो आपोआप तेच आणेल.

अंड्याचं माझ्या मनाला लागून आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्यानं आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं सुरू केलं. जानेवारी 2025 मध्ये त्याचा वेगळा निधी काढून घेतला आणि लोकसहभागातून द्या असं सांगितलं. मला हा निर्णय पटलेला नाही. जिथं लेकरांचं रक्त इतकं कमी भरतं तिथून अंडं काढून घ्यायला नको होतं. पण तोवर हात बांधून बसायचं नाही. तुमच्या मुलीच्या वाढदिवसाला वर्गात चॉकलेटं वाटता ना? त्याऐवजी त्या दिवशी सगळ्या शाळेला उकडलेली अंडी आणि न खाणाऱ्यांना केळी द्या. बारसं, वर्षश्राद्ध, निकाल, अशा निमित्तानं गावानं शाळेच्या जेवणात भर घालायची सोय योजनेतच आहे. मुख्याध्यापकांकडे आधी सांगून दिवस ठरवा. एका घरानं केलं की दुसरं विचारतंच.

राहिली तुमची शेवटची भीती, राग मुलीवर निघण्याची. ती खोटी नाही, म्हणून एकट्या जाऊ नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, जेवणावर लक्ष ठेवणं तिचं कामच आहे. समितीत कोण कोण आहे ते विचारा, कित्येक बायांना आपलं नाव तिथं आहे हेच माहीत नसतं. त्यांतल्या दोघी-तिघींना घेऊन जेवणाच्या वेळी शाळेत जा, मुलांसोबत ताटात घेऊन खा. वाढण्याआधी शिक्षकासह मोठ्या माणसांनी चव घेऊन नोंद करायची असते, त्या वहीत तुम्हीही सही करा. चांगली झाली असेल तर ‘आज चांगली झाली’ असंही लिहा, बाईंना ते वाचून दाखवा. महिनाभर असं गेल्यावर जे उरेल ते लेखी द्या. आधी मुख्याध्यापकांना, मग समितीच्या ठरावानं पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. एका आईचं नाव वर नसेल, ठराव समितीचा असेल, मग मुलीकडं कुणी बोट दाखवणार नाही.

समितीची सभा बहुतेक अशा दिवशी लागते की बाया सोयाबीन काढायला किंवा कापूस वेचायला गेलेल्या असतात, आणि सह्या नंतर घरोघरी घेतल्या जातात. तारीख मुख्याध्यापकांकडून आठवडाभर आधी मागून घ्या, आणि बाजाराचा वार धरा. त्या दिवशी मजुरी बंद असते, बाया येतील.